तोंडातली शुगर

प्रिय चंद्रामावशी,

काल तुमची लेक मंगल उपकेंद्रात आली आणि तुमची दोऱ्यांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवून गेली. "आईनं सांगितलतं, बांगड्या मला आन् दोरे सिस्टरला," म्हणाली. तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झाले. इतके दिवस मी तुमच्या घरावरून जाताना मान दुसरीकडं वळवत होते. पिशवी आली आणि ते जमेना, म्हणून लिहायला बसलेय.

सगळे दोरे टेबलावर मांडले. प्रत्येकाला ज्या त्या म्हातारीच्या लुगड्याची चिंधी बांधलेली. हिरवी शेवंताबाईची, काठाची लाल कोंडाबाईची. तुम्हाला लिहिता येत नव्हतं, पण माझ्या रजिस्टरपेक्षा तुमची पिशवी चोख! गावातली एकूण एक म्हातारी तीत आहे. तुमचा दोरा मात्र नाही. पिशवी दोनदा उलटी करून झटकली. मावशी, तुमचा दोरा कुठं आहे?

मी बदली होऊन या गावात आले तेव्हा तुम्ही खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन उपकेंद्राच्या ओट्यावर सावलीला बसला होतात. शिरूरच्या बाजारातून माल आणायचा आणि आठ गावं पायी फिरायची, हा तुमचा धंदा. मी नवी, कडक इस्त्रीची, जरा शिष्टच. तुम्ही माझा हात ओढून घेतलात, अंगठ्याच्या बुडाशी दाबलंत आणि म्हणालात, "सव्वादोनची बांगडी. आन् सिस्टर, सकाळपून जेवल्या न्हाईत तुमी." खरंच जेवले नव्हते. अजूनही मला कळलेलं नाही की ते तुम्ही हातावरून ओळखलंत की तोंडावरून.

पुढं तर गरवार बाईच्या हाताला सूज आली की माझ्याआधी तुम्हाला कळायचं. "बांगडी अडकती हाय, सिस्टरकडं जा," म्हणून तुम्ही किती जणींना पाठवलंत. माझ्या कामाचं कौतुक वरून व्हायचं आणि मी ते गुपचूप घ्यायचे. बघा, आज कबूल करतेय.

एकदा अंगणवाडीत मी लेकरांच्या दंडाला रंगीत पट्टी लावत होते. पट्टी लाल दाखवली की लेकरू कुपोषित. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात आणि विचारलंत, "म्हाताऱ्यांना कावून लावत न्हाई ही?" मी हसले. "मावशी, ते लेकरांचं माप असतं." दसऱ्याला आलात ते दोऱ्याची गुंडी घेऊन.

म्हाताऱ्यांत निम्म्या विधवा. त्यांना बांगड्या भरायच्या नाहीत, म्हणजे त्यांचा हात वर्षानुवर्षं कुणी धरलेलाच नाही, हे फक्त तुमच्याच ध्यानात आलं होतं. "दोरा बांधाया कुनाची आडकाठी हाय?" म्हणत तुम्ही दंडाला दोरा गुंडाळायच्या, जुळेल तिथं तोडायच्या, चिंधी बांधून पिशवीत ठेवायच्या. दसऱ्याला तोडलेला दोरा संक्रांतीला परत दंडाला लावून बघायचा. मी मनात म्हटलं, म्हातारीला नवा चाळा लागला!

ते दुष्काळाचं साल होतं. दसऱ्याची वाट न बघता टोळ्या ऊस तोडायला सहकारी कारखान्यांकडं निघाल्या. मागं राहिल्या म्हाताऱ्या आणि लेकरं. पाणी टँकरचं आणि दूध जेवढं निघेल तेवढं सोसायटीला. माझी सगळी दौड शुगर मोजण्यात. साठीच्या पुढच्या सगळ्यांची बोटं टोचायची, गोळ्या द्यायच्या आणि सांगायचं, भात बंद, गूळ बंद, शेंगदाणे बंद, दूध बंद. आमच्या भाषणात 'काय खा' हे नव्हतंच हो! सगळं बंदच.

माझ्याजवळ राहणाऱ्या सासूबाईंना, आत्याबाईंना, तेव्हा चौऱ्याऐंशीवं चालू होतं. पंधरा वर्षांची शुगर. धम्म घेऊन इतकी वर्षं झाली तरी मालक गेल्यावर त्यांनीही गावरीत म्हणून हात मोकळेच ठेवले होते. त्यांची शुगर त्या थंडीत अशी खाली आली की मी हरखून गेले. उपकेंद्रात सगळ्या म्हाताऱ्या जमवल्या, आत्याबाईंना पुढं उभं केलं आणि म्हटलं, पथ्य बघा, पथ्य असं पाळावं! सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. त्या टाळ्या मला आजही ऐकू येतात.

संक्रांतीला तुम्ही आलात. आत्याबाईंच्या निळ्या चिंधीचा दोरा काढलात आणि दंडाला लावलात. दोन्ही टोकं एकमेकांवरून तीन बोटं पुढं गेली. तुम्ही दोरा तसाच धरून माझ्याकडं बघितलंत.

"सिस्टर, शुगर उतरली म्हनता. मग दंड कावून उतरला?"

मला राग आला. वय झालं की होतंच असं, मी म्हटलं. तुम्ही आवाजही चढवला नाहीत.

"गावात दोन शुगरा हायत, सिस्टर. एक रगतातली, एक तोंडातली. रगतातली तुमच्या मशिनीला कळती. तोंडातली न्हाई कळत. पीठ कमी हाय, लेकरं ताटावर बसलेत, म्हातारी म्हनती, मला शुगर हाय, मला नको. तिला कोन म्हननार जेव म्हनून? पथ्य हाय ना!"

"आमच्या घरात पीठ कमी नाही," मी म्हटलं. पगार होता माझा, ते खरंच होतं.

तेव्हा आत्याबाईच हळूच बोलल्या, "तुझं नाव व्हतंय गं गावात. म्हनलं आकडा चढाया नको." सून सिस्टर, तिची मान खाली जाऊ नये म्हणून त्या दोन महिने अर्ध्या भाकरीवर होत्या. उपास धरावा तशी शुगर धरली होती त्यांनी. आणि मी टाळ्या वाजवत होते, मावशी.

दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी आधी वजन केलं, पोटरी मापली, खाणं विचारलं आणि मग माझ्याकडं असं बघितलं की धरणी दुभंगावी. या वयात आकड्याच्या मागं लागून माणूस वाळवू नका, म्हणाले. गोळी कमी केली आणि डाळ, दूध, अंडं, मूठभर शेंगदाणे सुरू करायला सांगितले. आत्याबाई पहिल्या दिवशी शेंगदाण्यांकडं चोरी केल्यासारखं बघत होत्या. पुढं चार वर्षं जगल्या त्या, आणि शेवटपर्यंत चालत्याफिरत्या. ती चार वर्षं तुमची देणगी. मी तोंडानं कधी म्हटलं नाही ते.

आणि सोसायटीतली ती सकाळ आठवते का? फॅट लावायला प्रत्येकाच्या दुधातून थोडा नमुना काढतात आणि उरलेलं दूध सेक्रेटरीच्या घरी जातं, हे अख्ख्या गावाला माहीत. तुम्ही काउंटरला टेकून भाबडं तोंड करून विचारलंत, "ह्ये नमुन्याचं दूध कुटं जातंय ओ?"

"कुटं जातंय मावशी, सांडतंय," तो म्हणाला.

"मग आमच्या वाट्यांत सांडू द्या की!" आणि पदराआडून तुम्ही सहा वाट्या काढल्यात. ज्यांचे दोरे सैल पडले होते त्यांच्या वाट्या. सोसायटीतली माणसं हसली, सेक्रेटरीही हसला, पण त्या उन्हाळ्यात त्या वाट्या रोज भरल्या. सरकारी योजना लागू व्हायला वर्षं जातात. तुमची एका वाक्यात लागू झाली!

तेव्हापासून मी बोट टोचण्याआधी दंड बघते. लुगडं सैल झालं का, दात आहेत का, ताटात शेवटी कोण बसतं, हे विचारते. हे सगळं मला कुठल्या ट्रेनिंगात नाही, तुमच्या मागं हिंडून कळलं.

आता तुम्हाला रागवायचं आहे. श्रावणात तुम्ही घरी आला होतात. मी भाकरी थापत होते, शेजारी पिठलं शिजत होतं. म्हटलं, "बसा, दोन घास खा." तुम्ही म्हणालात, "नको गं बाई, मला शुगर हाय."

आणि मी, तुमची चेली, काय म्हणाले? "मावशी, पथ्य बाकी कडक हो तुमचं!" वर बिनसाखरेचा कोरा चहा हातात दिला. उकाडा मरणाचा होता, तरी तुम्ही पदर दोन्ही दंडांवरून घट्ट ओढून बसला होतात. ते मी बघितलं. बघूनही मला दिसलं नाही. का लपवलंत? यंदा पाऊस नाही, बांगड्या विकल्या जात नाहीत, मंगलवर भार नको, असंच ना? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. ऐंशी पार केलेल्या बाईला तापानं नेलं, डॉक्टर वयाचं म्हणाले, असेलही. पण मंगल म्हणाली, "उचलताना आई हाताला लागतच नव्हती." मला ते वाक्य सोडत नाही.

रडून झालं. आता ऐका. पंधरा दिवसांवर दसरा आहे. टोळ्या निघायच्या आत मी वेशीपासून शेवटच्या घरापर्यंत दोरे बांधणार आहे. बायांना आणि या खेपेला म्हाताऱ्या बाप्यांनाही. सोसायटीच्या नव्या सेक्रेटरीला आजच विचारून आले, नमुन्याचं दूध कुठं जातं ते. आणि 'मला शुगर हाय' असं जो म्हणेल त्याचा पदर, बाही, धोतराचा सोगा, जे काही आड येत असेल ते बाजूला सारून मी आधी दंड बघेन. हा माझा शब्द.

एक राहिलं. मलाही गेल्या वर्षापासून शुगर आहे, तुम्हाला सांगितलं नव्हतं. काल मंगल निघाली तेव्हा तिला परत बोलावलं, बाही वर केली आणि दोरा हातात दिला. तिनं तुमच्यासारखाच गुंडाळला, जुळला तिथं दातानं तोडला. माझ्या जुन्या युनिफॉर्मची पांढरी चिंधी बांधून तो तिच्याजवळ दिलाय. दर संक्रांतीला येऊन मापायचं आणि माझ्या तोंडाचं काही ऐकायचं नाही, असं तिला बजावलंय.

तुमची,
सुनंदा सिस्टर