एकाच डोळ्याचं पाणी

नाशिकरोड, मंगळवार संध्याकाळ, १९९७

सुनंदाच्या उजव्या डोळ्याचं काचबिंदूचं ऑपरेशन लग्नाच्या घाईआधीच उरकलं होतं. रविवारी लेकीची पाठवणी केली, ती मनमाडला सासरी गेली, आणि तेव्हापासून सुनंदाच्या डोळ्याला धार. "आईच ती, रडू दे," मीच सगळ्यांना म्हणालो. वर रुमालही दिला.

आज डॉक्टर म्हणाले, हे अश्रू नव्हेत, ऑपरेशनची जखम पाझरतेय. डोळ्यातला दाब फारच उतरलाय, उद्या टाका घालावा लागेल. नजर राहील ना? त्यावर नीट बोलले नाहीत.

एकच डोळा पुसत होती ती. एकच! मला दिसू नये?

रिक्षात म्हणाली, "अहो, मला रडू आलंच नव्हतं. पण सगळेच म्हणत होते, तेव्हा मलाही वाटलं, रडतेय मी."