मोठ्या व्हॉल्व्हचं माप

आबा, परवा तुमच्या कारखान्यात इटलीची माणसं येऊन गेली. जहाजं बांधणारी तीच कंपनी. तिचं नाव तुमच्या जिभेवर कधी नीट बसलं नाही, म्हणून आपल्या घरात ती नुसती ‘इटलीवाली’ होती, दूरच्या श्रीमंत मावशीसारखी. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली, पण तुम्ही सांगायचात तशीच माणसं होती ती, उंच, डोक्यावर पिवळी टोपी, प्रत्येक ओतकामावर हात फिरवून बघणारी. कारखाना आता धाकटा भाऊ बघतो, त्या धाकट्यानं दारात रांगोळी काढून घेतली आणि मला वडगावहून बोलावलं, पुरणपोळ्या करायला. गाडी पाठवतो म्हणाला होता. मी एसटीनं आले, अर्ध्या तिकिटात. कारखान्यात मी शेवटचं पाऊल ठेवलं त्याला पंचेचाळीस वर्षं झाली, आणि परवासुद्धा आत गेले ती पोळ्यांचा डबा हातात घेऊनच.

आदल्या दिवशी माझ्या सूनबाईनं मोबाईलवर त्या कंपनीची सगळी कुळकथा मला वाचून दाखवली होती. तुमच्या वेळी ती काही एवढी मोठी नव्हती, आबा. तुम्हाला मुंबईच्या एजंटानं काहीही सांगितलं असेल, पण तेव्हा तिच्या जुन्या गोद्या सरकारच्या जिवावर चालायच्या, कामं कमी आणि माणसं जास्त. जिथं चार पैसे कमी पडतील तिथून माल घ्यायचा म्हणून तिचा कागद फिरत फिरत कोल्हापूरच्या उद्यमनगरात आपल्या दारी आला. पुढं तिनं शहाणपणा केला. लढाईची जहाजं सोडली नाहीत, पण लोकांना फिरायला नेणारी जहाजं बांधायला घेतली, म्हणजे पाण्यावर तरंगणारी गावंच, आत नाटकघर, पोहायचे तलाव, बाजार, सगळं. मग दुसऱ्या देशांतल्या गोद्या एकेक करून विकत घेतल्या. स्वतः सांगाडा बांधायचा आणि आतलं हजार प्रकारचं काम बाहेरच्या लहान कारखान्यांना वाटून द्यायचं, असं तिचं तंत्र. त्या वाटपात आता धाकट्यालाही वाटा मिळालाय. सूनबाई म्हणाली, “आई, मंदीत बुडायला आलेली कंपनी बघा की कुठल्या कुठं गेली.” मी म्हटलं, व्हय बाई, लोखंड असून तरंगतंय ते. माणसाचं तसं न्हाय.

जेवायच्या आधी धाकट्यानं सगळ्यांना तुमच्या फोटोपुढं उभं केलं आणि तुमची गोष्ट सांगितली. मला माहीत होतं तो सांगणार. लग्नात, बारशात, बँकेच्या साहेबांपुढं, सगळीकडं सांगतो. “ही आमची अक्का,” मला खांद्याला धरून पुढं ओढत तो म्हणाला, “तुमच्या कंपनीची पहिली ऑर्डर आम्हाला मिळालीती, ती हिनं परत आणली. पट्टी नेऊन देवापुढं ठेवली आणि देवानं माप चुकवलं.” त्याचा मुलगा इंग्रजीत सांगत होता. सगळे हसले. मीही हसले, आबा. एवढ्या वर्षांत मला ते हसू जमायला लागलंय, पोळी लाटताना हात आपोआप फिरतो तसं.

पण त्यांच्यात एक मुलगी होती, तीस-बत्तीसची असेल, माप घ्यायचं काम तिचंच. ती हसली नाही. तिनं नीट ऐकून घेतलं आणि काहीतरी विचारलं. भाच्यानं मला मराठीत सांगितलं, “आत्या, ती म्हणतीया, पेटीत भरायच्या आधी कुणी मापलं न्हवतं काय?” धाकटा म्हणाला, “तवा कसलं मापणं, बाई! हातानं चाललेलं सगळं.” आणि तिला पंगतीकडं घेऊन गेला. आबा, पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. तुम्हीसुद्धा नाही. तेव्हापासून माझं जपात लक्ष नाही. धाकट्याला कारखान्याच्या पुस्तिकेसाठी तुमच्यावर दोन पानं लिहून हवीत. तीच लिहायला म्हणून जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून बसले आणि हे असं तुम्हालाच लिहीत सुटलेय.

मापत होतं कोण, हे धाकट्याला माहीत नसेल, तो चौथीत होता. तुम्हाला तर माहीत होतं. तुमचं शिक्षण चौथीपर्यंत, तुम्हाला इंग्रजी कागद वाचता येत नव्हता. मॅट्रिक झाल्याच्या सुट्टीत मी डबा घेऊन आले आणि तुमच्या बाकावरचं ड्रॉइंग बघत उभी राहिले. तुम्ही म्हणालात, “बघतीस काय पाव्हण्यासारखी? वाच की.” मी वाचलं. त्या दिवसापासून सहा महिने मी तुमच्या डाव्या हाताला बसले. तुम्ही सागवानाचा पॅटर्न, म्हणजे मालाचा हुबेहूब नमुना, करायचात, मी कागदावरचं माप मोठ्यानं वाचायची. भट्टीवरचे आपले चाचा वाळूत पॅटर्न दाबून साचा करायचे, रस ओतायचे. माल थंड झाला की कॅलिपर लावून मी मापायची आणि मापाच्या तक्त्यात एकेका आकड्यापुढं बरोबरची खूण करायची. तुम्हीच शिकवलं होतं की धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न तेवढ्यापुरता मोठा करायचा. त्यासाठी पट्टीच वाढीव खुणांची असते, बिडाची वेगळी, तांबं-कथील मिसळलेल्या गनमेटलची वेगळी, कारण ते जास्त आकसतं. तुमची सगळी हयात बिडात गेली, उसाचे चरक आणि इंजिनाचे भाग. इटलीवाल्यांना गनमेटलचे व्हॉल्व्ह हवे होते, तीन आकारांचे, म्हणून तुम्ही मुंबईहून नवी पट्टी मागवली होती. ती आली त्या दिवशी तुम्ही आईला म्हणालात, “ही ऑर्डर पास झाली की पोरीला ड्राफ्ट्समनच्या कोर्सला घालणार. बघू कोण काय म्हणतंय.” आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबलेला मला अजून दिसतो.

मग खंडेनवमी. दरवर्षीसारखी हत्यारांची पूजा मीच मांडली. करवती, पटाशा, कॅलिपर, आणि मधोमध ती नवी पट्टी, हळदीकुंकू लावून. ती तिथं ठेव, असं तुम्हीच म्हणालात. “तिच्यावरच समदं हाय बाळ, तिला मधी ठेव.” हे शब्द मी विसरलेले नाही. पूजेतली हत्यारं दसरा झाल्याशिवाय उचलायची नाहीत, हा आपल्याकडचा नेम, तो काही मी काढला नव्हता. लहान आणि मधल्या व्हॉल्व्हचे पॅटर्न आधीच झाले होते. मोठा राहिला होता आणि दिवाळीच्या आत पेट्या जायच्या होत्या. दुपारी मी नैवेद्य घेऊन आले तर तुम्ही बाकाखालची जुनी पेटी उघडून मोडकी पटाशी आणि जुनी पट्टी काढून बसला होता. मोठ्या पॅटर्नवर खुणा करून झाल्या होत्या. पट्टी बिडाची.

मी सांगितलं. चाचांच्या समोर सांगितलं, ही माझी चूक असेल तर असू दे. “आबा, ही बिडाची पट्टी हाय. मोठा बारीक येणार.”

तुम्ही मान वर केली नाही. “चार बुकं शिकली म्हणून बापाला शिकवतीस? ह्या हातानं चाळीस वर्षं पॅटर्न केल्यात. वाढीव धरूनच खुणा केल्यात मी.”

“किती वाढीव धरलंय?”

तेव्हा तुम्ही पटाशी खाली ठेवलीत. “ऊठ हितनं. घरला जा. तुझं ते ड्रॉइंगचं शिक्षण बास झालं, आईला भाकरी कर जा.” चाचांनी मान खाली घालून वाळू चाळायला घेतली. वाटेत अंबाबाईच्या देवळात गेले, पण माझ्याच्यानं तिच्याकडं बघवलं नाही. दोन दिवसांनी तुम्हीच निरोप धाडलात, तक्ता भरायला माणूस नाही म्हणून. मी आले. कोर्सचं तुम्ही काढलं नाहीत, मीही नाही.

पुढचं सगळ्या कोल्हापूरला ठाऊक आहे. उन्हाळ्यात एजंटाचं पत्र आलं आणि ते तुम्हाला वाचून दाखवायला मीच होते, स्वयंपाकघरात, तुम्ही पाटावर, ताटात वांग्याची भाजी. मोठे व्हॉल्व्ह सगळे नापास. तिकडं मशीनवर घासायला गेले तर अंगात मालच पुरला नाही, अर्ध्या सुताची, म्हणजे इंचाच्या सोळाव्या भागाची तूट. आता पुढची ऑर्डर नाही. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले. तुम्ही घास तसाच ठेवून आईला विचारलंत, “पट्टी पूजेत कुणी ठेवली हुती?” बस्स, एवढंच. आई माझ्याकडं बघायला लागली. त्यानंतर जो येईल त्याला तुम्ही तेच सांगितलंत, पोरीनं पट्टी पूजेत अडकवली म्हणून घात झाला. मी बजावलं होतं, हे एकदासुद्धा तुमच्या तोंडून निघालं नाही. चाचांनी दोन वेळा बोलायला तोंड उघडलं, तुम्ही त्यांना भट्टीकडं धाडलंत. वर्षाच्या आत मला वडगावच्या बाजार समितीतल्या कारकुनाला दिलंत. माणूस भला होता, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पहिल्याच दिवशी सासूबाई म्हणाल्या, “बापाचा कारखाना बुडवून आलीस, आता आमचं घर तरी राखून खा.” राखून खाल्लं, आबा. साखरेचा दाणासुद्धा वहीत लिहून खाल्ला.

तुम्ही शेवटी आजारी होता तेव्हा मी महिनाभर उशाशी होते. रोज वाटायचं, आज म्हणतील. एवढं जरी म्हणाला असता, की पोरी, तू सांगितलं होतंस. तुम्ही पाणी मागितलंत, कूस बदलून मागितलीत, धाकट्याला बोलवायला सांगितलंत. मी दत्तापुढं दिवा लावायची आणि तुमच्यासाठी मागायची, पण आतून माझी कढी आंबलेलीच होती. तुम्ही गेल्यावर मी रडले त्यातलं निम्मं रडणं रागाचं होतं. खोटारडा बाप, असं मी मनात शंभर वेळा म्हटलंय. ते तोंडावर म्हणायची हिंमत झाली नाही, म्हणून इथं लिहिते.

आणि आता त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर. मापलं होतं. मोठा व्हॉल्व्ह वाळूतून निघाला तेव्हा मी कॅलिपर लावला आणि तो बारीक होता, मी सांगितलं होतं तसाच. चाचा शेजारी उभे होते. म्हणाले, “बेटी, जरा बारीक लगताय मेरे कू. देख बराबर.” त्यांना वाचता येत नव्हतं. मी तक्ता त्यांच्यापुढं धरला आणि म्हटलं, “कागदावर बरोबर हाय, चाचा.” मग तुम्ही भट्टीकडनं ओरडून विचारलंत, “समदं मापलंस न्हवं गं?” तेव्हासुद्धा वेळ होती. पॅटर्न दुसरा करता आला असता, दिवाळीला आठ दिवस होते. माझ्या कानात तुमचं ‘आईला भाकरी कर जा’ तेवढं वाजत होतं. वाटलं, जाऊ दे समुद्रापार, कळू दे ह्यांना कोण बरोबर होतं ते. “व्हय आबा,” म्हटलं, आणि सगळ्या आकड्यांपुढं खुणा केल्या.

धाकट्याला मी दोन चांगली पानं लिहून देणार आहे, तुमच्या कष्टाची आणि हाताच्या कसबाची. ही पानं त्याच्या हाती लागू द्यायची नाहीत. ऑर्डर पोरीनं बुडवली असं तुम्ही लोकांना सांगितलंत, आबा, आणि ते खोटं आहे असं मी तुमच्या उशाशी बसूनही धरून राहिले. तुम्हाला माहीत नव्हतं, पण तुम्ही खरंच सांगत होता.