जांभळ्या फडक्याखालचा चौथा

प्रिय मिचिरू,

पत्र ऋतूपासून सुरू करावं ही तुझ्या आईची शिस्त, म्हणून आधी तेवढं उरकतो. खालच्या रस्त्यावरची जिन्कोची झाडं पिवळी झाली आहेत, त्यांच्या फळांची घाण तिसऱ्या मजल्यापर्यंत येते, आणि समोरच्या बाईंनी गॅलरीत पर्सिमनची फळं सोलून वाळत टांगली आहेत. झालं. आता कामाचं. मी घर बदलतोय असं कळवल्यावर आलेलं तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, तुझ्या नेहमीच्या सरळ अक्षरात: वरच्या कपाटातला माझा अ‍ॅम्प्लिफायर नव्या घरी नेऊ नका, मोठ्या कचऱ्यात देऊन टाका. आज्ञाधारक बापासारखा मी पालिकेला फोन केला, गाडीचा दिवस ठरवला, कोपऱ्यावरच्या दुकानातून पैसे भरल्याचं स्टिकर आणून त्यावर नाव लिहिलं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी आठ वाजता गाडी येईल. स्टिकर अजून जेवायच्या टेबलावर सॉसच्या बाटलीखाली आहे. चिकटवायचं राहिलं आहे.

कानांचं तू विचारलं नाहीस, तरी सांगतो. उजवा जवळजवळ गेला आणि डाव्यात यंत्र बसवलंय. डॉक्टरीण तुझ्यापेक्षाही लहान आहे. आलेख दाखवून म्हणाली, "आजोबा, इथून पुढे तुमच्यासाठी काही नाहीच हो." मी तिला म्हटलं, बाई, मी चौतीस वर्षं हेडफोनचे पडदे ताणले आहेत. केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा पातळ पडदा, त्यावर फुंकर घालून नुसत्या आवाजावरून मी सांगायचो की डावी कड सैल आहे. ती म्हणाली, "मग आता कानांना पेन्शन द्या." मला हसू आलं, पण घरी येताना बसमध्ये रडूही आलं, तेही लिहून टाकतो. हल्ली किटलीची शिटी ऐकू येत नाही. मंडळातल्या नेझुसाननी मला पाणी उकळलं की दिवा लागणारी किटली आणून दिली. "ओसाकात माझ्या आजीकडे अशीच होती," म्हणाले. थाप आहे, पण प्रेमाची आहे.

हेडफोनवर अ‍ॅम्प्लिफायर पारखणारं आपलं रविवार मंडळ अजून भरतं. सात होतो ते तीन उरलो: मी, उकाईसान आणि नेझुसान. आता ऐकण्यापेक्षा दुखण्यांची चर्चा जास्त होते. तुला त्या सगळ्याचा कंटाळा होता असं तू नंतर म्हणायचीस, पण लहानपणी टेबलाखाली बसून सगळ्यात जास्त वेळ तूच ऐकायचीस. आईचा आवाज लावला की तू टेबलाखालूनच तिच्या मागोमाग म्हणायचीस, "उजव्या हाताला आता समुद्र दिसेल, घाई करू नका, सगळ्यांना दिसेल." तुझी आई, सगळ्यांची फुसाएसान, बसमध्ये गाईड होती तेव्हा, आमच्या लग्नाच्या आधी, मी ते एक मिनिट टेप केलं होतं. कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर पारखायला माझ्याकडे तेवढंच एक माप होतं. गाणी काय, कशावरही बरी वाजतात. पण 'समुद्र' म्हणण्याआधी ती जो छोटा श्वास घेते, तो ज्यात ऐकू येईल तो अ‍ॅम्प्लिफायर खरा.

अकरा वर्षांपूर्वीचा तो नोव्हेंबर तुला माझ्याइतकाच आठवत असणार. दोन वर्षं तू कंपनीतून आल्यावर त्या लहान खोलीत बसून तो अ‍ॅम्प्लिफायर बनवलास. मी मधे एकदा डोकावलो तर म्हणालीस, "बाबा, मंडळासमोर येईल तेव्हाच ऐका. वशिला नको." मला अभिमान वाटला होता. मंडळाचा नियम तुला ठाऊकच होता, कारण तो मीच केला होता: नवा अ‍ॅम्प्लिफायर ज्याचा, त्याने निकालापर्यंत स्वयंपाकघरात दार लावून बसायचं, कारण त्याचा चेहरा पाहून लोकांचा निकाल बदलतो. सकाळी मीटर लावून चारही अ‍ॅम्प्लिफायरांची पातळी सारखी करायची, मग त्यांच्या बटणांना कुणी हात लावायचा नाही. जास्त मोठा वाजणारा कानाला चांगला वाटतो, हा मोह टाळायचा. आईने चारांवर चार रंगांची फडकी घातली आणि ती तुझ्यापाशी येऊन बसली. शेगडीवर मुळा शिजत होता, त्याचा वास बैठकीत येत होता. हेडफोनचा प्लग लावायचा मान यजमानाचा, म्हणजे माझा. फडक्याखाली हात घालून चाचपून सॉकेट शोधायचं आणि प्लग बसवायचा.

पहिला उकाईसानचा, जुन्या रेडिओत असायचे तशा काचेच्या मोठ्या दिव्यांचा. त्यात आई जरा जास्तच गोड झाली, कुणाच्या तरी लग्नात बोलावं तशी. दुसरा नेझुसानचा विकतचा, मोटारीच्या किमतीचा, उचलायला दोन माणसं. त्यात सगळं लख्ख दिसलं, अगदी टेपची खरखरसुद्धा. उकाईसान म्हणाले, "हा अ‍ॅम्प्लिफायर आहे की जकात अधिकारी?" तिसरा माझा, तो मी झोपेतही ओळखला असता. म्हणून जांभळ्या फडक्याखालचा चौथा कुणाचा, हे मला कळलंच होतं. आणि कळलं होतं म्हणूनच मी जास्त कडक झालो. कुवाबारांनी पोरीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, एवढीच फिकीर मला होती. आईचा आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा आला, लहान आणि थकलेला. समुद्राआधीचा श्वास नव्हताच. तुला बैठकीत बोलावलं आणि सहा माणसांसमोर मी म्हणालो, "पहिला चांगला, दुसरा प्रामाणिक, तिसऱ्याबद्दल मी बोलत नाही. चौथ्यात जीव नाही. ज्याने बनवला त्याला तारा जोडता येतात, पण ऐकता येत नाही." उकाईसाननी ते तसंच मंडळाच्या पत्रकात छापलं. तू वाकून आभार मानलेस, आणि कपबशा गोळा करून आत नेल्यास.

एप्रिलमध्ये तू साप्पोरोला गेलीस, लिफ्टच्या कंपनीत. चांगली नोकरी आहे, लिफ्टमुळे म्हाताऱ्या माणसांचं भलं होतं, हे मी शेजाऱ्यांना सांगत असतो. पण त्यानंतर तू सोल्डरिंगची कांडी हातात धरली नाहीस, हे आईने मला सांगितलं. तेही एकदाच, भांडी पुसता पुसता. तुझा अ‍ॅम्प्लिफायर तिने वापरला. लग्नाच्या वर्षी मी कारखान्यात तिच्यासाठी बनवलेला तो जुना तपकिरी हेडफोन लावून ती दुपारी त्यावर रेडिओ ऐकायची आणि विणायची. ती गेल्यावर मी तो कपाटात वर ठेवला. मी स्वतः अकरा वर्षांत त्याला एकदाही कान लावला नव्हता. माणूस काय काय टाळतो बघ.

गेल्या सोमवारी स्टिकर चिकटवायला तो खाली काढला. धूळ पुसली तेव्हा पुढच्या बाजूची दोन सॉकेटं दिसली. बाकी कुणाच्याही अ‍ॅम्प्लिफायरला एकच असतं. आपले हेडफोन पडद्याला वीज मिळाली तरच वाजतात: उजवं आजच्या हेडफोनसाठी, जे पडद्याला पाचशे ऐंशी व्होल्ट देतं. डावं जुन्या पद्धतीचं, दोनशे तीसचं, आणि त्याच्याखाली तुझ्या अक्षरातली चिठ्ठी: 'आईसाठी'. तिच्या जुन्या हेडफोनला दुसरं काही चालत नव्हतं, म्हणून तू एक सॉकेट जास्त केलं होतंस. जुना प्लग नव्या सॉकेटात शिरत नाही, पण नवा प्लग जुन्यात मुकाट बसतो. बसतो, आणि अर्धपोटी वाजतो. मी प्लग उजवीकडे लावला, पडद्यात वीज भरायला मिनिटभर थांबलो, यंत्र काढून डाव्या कानाला हेडफोन घट्ट दाबला. आई बोलतेय एवढं कळलं. श्वास होता की नव्हता, ते मला कळलं नाही. तो ऐकणारे कान माझ्याकडे होते तेव्हा मी ऐकला नाही. आता अ‍ॅम्प्लिफायर समोर आहे तर कान नाहीत.

मग मंडळाला बोलावलं. बुधवारी, रविवारची वाट न पाहता. पुन्हा मीटर, पुन्हा चार फडकी, जांभळंसुद्धा तेच, आईचं. ऐकायचं त्या दोघांनी, माझ्याकडे फक्त प्लग लावायचं काम. निकालाच्या वेळी चेहरे बघायचे नाहीत असा नियम करणारा मी, त्या दिवशी मला चेहऱ्यांशिवाय दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. पहिल्या तिघांना उकाईसान मान डोलवत होते, कुरकुरत होते, सायामाचा चहा फुंकत होते. चौथ्याला त्यांनी कप खाली ठेवला आणि मग उचललाच नाही. नेझुसानची पाळी आली. त्यांनी डोळे मिटले होते. टेपचं अर्धं मिनिट झालं असेल, तेवढ्यात त्यांनी डोळे उघडून एकदम मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि खजील झाले. म्हणाले, "माफ करा कुवाबारासान. मला वाटलं, फुसाएसान चहा घेऊन आल्या." तो निकाल मला ऐकू आला. अगदी स्वच्छ ऐकू आला.

फडकं काढल्यावर दोघंही पुढे सरकून अ‍ॅम्प्लिफायरकडे बघत बसले. उकाईसान तर त्यांच्या काचेच्या दिव्यांवर रागावलेच, म्हणाले, "मी चाळीस वर्षं काय शेकोट्या बनवत होतो?" मग त्यांना ती दोन सॉकेटं दिसली आणि त्यांनी मांडीवर थाप मारली. "अहो, तेव्हा तुमच्या हातून प्लग डावीकडे गेला असणार! फडक्याखाली कुणाला दिसतंय? कुणाच्याही हातून झालं असतं." नेझुसान म्हणाले, "कुणाच्याही." ते दोघं माझ्यासाठी दार उघडं धरून उभे होते, आणि मी त्यातून निमूट बाहेर पडलो. दुसऱ्याच दिवशी उकाईसाननी पत्रकाचा अंक काढला, दुकानातल्या मशीनवर एकोणीस प्रती. एक सोबत पाठवतोय. पहिल्याच पानावर चौकटीत दुरुस्ती आहे: अकरा वर्षांपूर्वीच्या चाचणीत चौथा अ‍ॅम्प्लिफायर अनवधानाने चुकीच्या सॉकेटातून ऐकला गेला, ही गोष्ट नुकतीच लक्षात आली आहे. तो या मंडळाने आजवर ऐकलेल्यांत सर्वोत्तम आहे. बनवणाऱ्या कुवाबारा मिचिरू यांची मंडळ क्षमा मागत आहे.

त्या चौकटीतला 'नुकतीच' हा शब्द खोटा आहे. तेवढ्यासाठी हे पत्र. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर मी एकेक फडकं घडी करत होतो. जांभळं उचललं तेव्हा प्लग तसाच लावलेला होता, डावीकडे, 'आईसाठी'च्या वर. एका क्षणात मला सगळं कळलं. स्वयंपाकघरात नळ चालू होता, तू कपबशा धूत होतीस, मधे सात पावलं होती. मी प्लग काढला, वायर गुंडाळली आणि बैठकीतला दिवा मालवला. उद्या सांगू म्हटलं. उद्या पत्रक छापून आलं, मग नवं वर्ष आलं, मग तू सामान बांधू लागलीस, आणि दर दिवशी ती सात पावलं वाढत गेली. चूक हाताची होती, ती मंडळाने माफ केली. गप्प बसलो तो मी होतो, सगळ्या शहाण्या कानांसकट, स्वतःचं नाव सांभाळत. त्याची माफी मंडळाकडून मागता येत नाही, ती मी तुझ्याकडे मागतो. तुला ऐकता येतं, पोरी. आमच्या घरात सगळ्यात चांगलं तुलाच ऐकता येत होतं. अ‍ॅम्प्लिफायर तुझा आहे. शुक्रवारी दे म्हणशील तर देईन, मी स्वतः तीन मजले खाली उतरवीन. पण ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे, कार्डावर नको. तेव्हा फोन कर. मला फोनची घंटा लवकर ऐकू येत नाही, म्हणून लगेच ठेवू नकोस. बराच वेळ वाजू दे. मी घरातच आहे, येतोय.

तुझाच,
बाबा