फेब्रुवारीत वाहणारा ओढा

चिंचवड,
११ फेब्रुवारी

ती. दादास,
जयदीपचा नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईच्या गुडघ्याला नवं तेल लागू पडलंय असं मोनिकावहिनी म्हणाली, ऐकून बरं वाटलं.

अर्ध्या तासाच्या अंतरावर राहून पत्र कसलं लिहितोय, म्हणून हसशील. पण फोन केला की तू "नंतर बोलू" म्हणतोस, आणि ऑफिसात आलो तर तुझ्यासमोर चार माणसं बसलेली असतात. म्हणून लिहून वहिनीच्या हाती देतोय. आजच वाच.

रविवारच्या शर्यतीचं तुला स्टेजवरून दिसलं तेवढंच माहीत असणार. सकाळी चाकणच्या पुढे मैदानात आमचा अख्खा सायकल क्लब जमला. शंभर किलोमीटर, सगळी डोंगरातली वाट, आणि जोडीने पुरी करायची. माझा जोडीदार सुजित. लातूरकडचा, आमच्याच कंपनीत क्वालिटीला आहे, दिवाळीत आपल्याकडे फराळाला आला होता तो. वर्षभर आम्ही दोघांनी शिफ्ट सांभाळून तयारी केली होती. आमचे अध्यक्ष नानासाहेब निसर्गावर एवढा वेळ बोलले की उभ्या उभ्या पाय गार पडले. कमानीवर तुझा फोटो होता. आमच्या सगळ्यांच्या छातीवर आपल्या फर्मचं नाव होतं.

पहिला घाट आम्ही चांगला काढला. उतारावर सुजित पुढे, मी मागे. उतार जिथे संपतो तिथे तो ओढा लागतो, आपण खेकडे धरायचो तो. फेब्रुवारीत त्याला थेंबभर पाणी नसतं, म्हणून आम्ही ब्रेकला हात लावला नाही.

पाणी होतं, दादा. ताकासारखं पांढुरकं, वर फेस, फेसावर तेलाचे डाग. आधी वास आला, मग ते दिसलं. सडलेल्या अंड्यांसारखा म्हणावं तर त्यात जळक्या रबराचाही होता. दगड शेवाळल्यासारखे बुळबुळीत झाले होते. सुजितचं पुढचं चाक सटकलं आणि तो तोंडावर पडला, गॉगल कुठल्या कुठे उडाला. उठून बसला आणि हळूच म्हणाला, "जयदीप, डोळ्यात काय तरी गेलंय राव." आणि मग जो ओरडायला लागला!

काठावर एक टँकर उभा होता. त्याच्या ड्रायव्हरने प्यायच्या पाण्याचा कॅन आणून सुजितच्या डोळ्यांवर ओतला, आम्हाला केबिनमध्ये बसवलं आणि डांबरी रस्त्यावर अँब्युलन्सपाशी सोडलं. तो नसता तर काय झालं असतं, कोण जाणे.

सुजितच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत. डॉक्टरबाई एकच विचारतात, पाण्यात काय होतं? ॲसिड असेल तर जे व्हायचं ते बहुतेक होऊन गेलं. कॉस्टिक सोडा असेल तर तो आत आत शिरत राहतो, मग लगेच ऑपरेशन करावं लागेल. उगाच कापाकापी करायला त्या तयार नाहीत. कारखान्यांचं सांडपाणी उचलायच्या तुझ्या धंद्यात ओळखी आहेत. त्या बाजूला कोण काय सोडतं, एवढं फक्त विचारून सांग. नाव कुणाचं नको, मालाचं सांग.

सुजितचं कामच नव्या गाडीच्या रंगावरचा ओरखडा शोधायचं आहे. दिव्या, त्याची बायको, बाकावर बसून असते. तिला काय सांगू, कळत नाही.

मला जेवण जात नाही. हातमोजे टाकून दिले, जर्सी टाकून दिली, तरी ताटावर बसलो की तोच वास येतो.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
जयदीप

*

चिंचवड,
१३ फेब्रुवारी

ती. दादास,

तुझी डाळिंबाची पेटी पोचली. निरोपही पोचला. वहिनीने खाली मान घालून सांगितला. "ते म्हणाले, कुणाचा टँकर, कसलं पाणी, मला काय बी ठावं न्हाई. आन भाऊजींना म्हणावं, असलं कागदावर लिहीत जाऊ नका."

मग आता कागदावरच लिहितो.

डाळिंबं मी दिव्याला दिली नाहीत. हॉस्पिटलच्या जिन्याखाली ठेवून आलो. तुझ्याकडून आलेलं काही त्या माणसाच्या तोंडात जावं, हे मला बघवलं नसतं.

परवाच्या पत्रात मी "एक टँकर" असं लिहिलं. "एक ड्रायव्हर" असं लिहिलं. तू समजशील, तुला लाज वाटेल, तू स्वतःहून सांगशील असं वाटलं होतं. टँकर आपला होता. मागे आईचं नाव रंगवलेला. त्याचा पाइप ओढ्यात सोडलेला होता आणि धो धो वाहत होता. आणि ड्रायव्हर बाबांच्या वेळचा आपला दत्तोबा होता. मला ओळखून तो जागच्या जागी थिजला. मी सुजितला पाण्यातून ओढत होतो आणि ओढ्यातलंच पाणी त्याच्या तोंडावर मारायला ओंजळ भरली, तेव्हा दत्तोबा किंचाळला, "धाकलं शेठ, त्यानं नगा धुऊ! ते पानी न्हाई!"

ते पाणी नाही. त्याला ठाऊक होतं. म्हणजे तुलाही होतं.

केबिनमध्ये सुजित माझ्या मांडीवर डोकं आपटत होता आणि दत्तोबा गाडी हाकता हाकता रडत होता. मी विचारलं, "काय आहे रे यात?" तर म्हणाला, "आमाला नाव सांगत न्हाईत. रातचं भरायचं, सकाळच्याला रिकामं करून यायचं. मालकास्नी ठावं." शर्यतीच्या दिवशी तरी थांबवायचं, तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या वाटेने आम्ही जाणार हे तुला माहीत होतं ना? नकाशा तुझ्याच टेबलावर पसरून नानासाहेबांनी तुला दाखवला होता. मी शेजारी होतो.

संध्याकाळी सायकली आणायला मी मैदानात आलो, तेव्हा तू माइकवरून मला स्टेजवर बोलावलंस. "ह्यो माझा धाकटा भाऊ! मित्रासाठी शर्यत सोडली पठ्ठ्यानं!" असं म्हणून मिठी मारलीस. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझ्या कुडत्याला अत्तराचा वास होता आणि माझ्या अंगाला ओढ्याचा. तो तुला आला, दादा. तुझं नाक क्षणभर आकसलं, मी बघितलं. आणि तरी फोटोपुरता तू मला धरून ठेवलंस. मी मांडवामागे जाऊन ओकलो. बरं नाही म्हणून लवकर निघालो असं तुला सांगितलं, ते खोटं नव्हतं.

नानासाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जयदीप, भावनेच्या भरात काही करू नकोस. पुढच्या वर्षी आपण रूट बदलू." रूट बदलू! एवढंच सुचलं त्यांना. क्लबातल्या बाकीच्यांनी ग्रुपवर हात जोडल्याची चित्रं टाकली आणि दुसऱ्या दिवशी आपापले फोटो टाकायला लागले. ज्यांच्याबरोबर इतके डोंगर चढलो त्यांची मला किळस आली.

पण सगळ्यात जास्त तुझी आली. बाबा गेल्यावर तू मला शिकवलंस, तुझ्या जिवावर मी इंजिनिअर झालो, ते मी विसरलेलो नाही. म्हणून तर हे असं लिहिणं एवढं जड जातंय.

मला आज रागवायचं नाही. आज फक्त मालाचं नाव हवं. डॉक्टरबाई म्हणाल्या, जेवढा उशीर तेवढं कमी वाचेल. हॉस्पिटलच्या दारात येऊन सांग. मी कुणाला काही बोलणार नाही.

जयदीप

*

चिंचवड,
५ मार्च

दादा,

तू आलास. त्या संध्याकाळी हॉस्पिटलच्या बाहेर गाडीत आपण काय बोललो, ते तुला पाठ असेल. तरी लिहून ठेवतो, कारण पुढे तू ते वेगळं सांगशील.

तू काच वर केलीस आणि म्हणालास, "नाव सांगतो. पण आधी शपथ घे."
मी म्हणालो, "कसली?"
"तक्रार करायची न्हाई. माझं, फर्मचं नाव कुठं घ्यायचं न्हाई. आईच्या गळ्याची शपथ घे."
"दादा, आत तो माणूस आंधळा होतोय."
"म्हणून तर म्हणतोय, लवकर घे."

आत सुजित आणि बाहेर तू एसी लावून बसलेला. मी शपथ घेतली. मग तू सांगितलंस, रंग काढायच्या टाकीतलं जुनं कॉस्टिक. पाच शब्द. ते तुला पहिल्या पत्रालाही सांगता आले असते.

मी उतरताना तू आणखी एक सांगितलंस. तू ते माझी काळजी मिटावी म्हणून सांगितलंस, हे मला अजून गिळता येत नाही. "अन् लागलंच काही, तर दत्तोबा कबूल होईल. परस्पर पाणी सोडलं म्हणंल. त्याला सांगून ठेवलंय. त्याच्या पोरांचं मी बघीन." आपल्या बाबांच्या मांडीला मांडी लावून जेवलेला माणूस. त्याला तू वापरून झालेल्या फडक्यासारखा बाजूला काढून ठेवला होतास.

त्या रात्रीच ऑपरेशन झालं. सुजितच्या उजव्या डोळ्याला आता माणसाचा आकार दिसतो, बोटं दिसतात. पुढे आणखी दिसेल असं डॉक्टरबाई म्हणतात. डावा गेला. आणखी आधी कळलं असतं तर वाचला असता का, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी फक्त माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पट्टी काढल्यावर सुजित मला म्हणाला, "तू उगा मनाला लावून घेऊ नको. तू मला बाहेर काढलास." त्याला टँकर कुणाचा ते माहीत नव्हतं. त्याने माझा हात धरला होता आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटला, एवढा मी स्वतःला घाणेरडा वाटलो.

शपथ मोडायची नाही असंच ठरवलं होतं. परवा सुट्टी होती म्हणून एकटाच मोटरसायकलवर ओढ्याकडे गेलो. टायरच्या खुणा ताज्या होत्या. ओढा वाहत होता. खालच्या अंगाला कुणाची तरी म्हैस काठावर पाय ताणून मरून पडली होती, तोंडाला फेस. पोटावर माश्यासुद्धा बसत नव्हत्या. सुजित पडला, तू मला मिठी मारलीस, डाळिंबं पाठवलीस, शपथ घातलीस, आणि पाइप एक दिवसही थांबला नाही.

तिथून तडक मी घरी गेलो. तू नव्हतास. आई पडवीत लसूण सोलत बसली होती. तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. ऐकता ऐकता तिचा लसूण सोलायचा थांबला. वहिनी दारात येऊन उभी राहिली, तिलाही तिने जा म्हटलं नाही. शपथेचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली,

"माझ्या गळ्याची घातली त्यानं? आन तू घेतलीस? मला इचारलंत का दोघांनी?"

मी तिच्या पुढ्यातल्या लसणाच्या पाकळ्या गोळा करायला लागलो.

"त्या टँकरवर नाव कुनाचं हाय म्हनलास?"

"तुझं."

तिने मांडीवरची लसणाची सालं झटकली. मग म्हणाली, "शपथ माझी हाय ना? मग मीच सोडविते. म्हन, सुटली."

"आई, दादाला पोलीस..."

"म्हन."

"सुटली."

"आता जा. पन रोहिदास बी माझाच हाय. त्याला आधी सांग. मागनं जाऊ नगंस." एवढं बोलून तिने पदर तोंडाला लावला. मी उठलो तरी तिने वर बघितलं नाही. दादा, आई कशी रडते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. बाबांच्या वेळीही तिने आपल्याला दिसू दिलं नव्हतं.

काल मी सुजितला आणि दिव्याला सगळं सांगितलं. टँकर कुणाचा, शपथ कसली, आता पोलिसांत जायचं ठरवलंय, सगळं. दिव्या उठून बाहेर गेली आणि पुन्हा खोलीत आली नाही. सुजित भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. मी निघायला उठलो तेव्हा म्हणाला, "किती वाजता जायचं?" बाकी काही नाही. त्याने मला माफ केलंय की नाही, मला माहीत नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

दत्तोबालाही भेटलो. त्याला म्हणालो, तू काही कबूल करायचं नाहीस, जे घडलं तेवढंच सांगायचं. म्हणाला, "मालक मला सोडनार न्हाईत." मी म्हणालो, मी आहे. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू हे वाक्य त्याने आपल्या घरातल्या माणसाच्या तोंडून आधीही ऐकलंय. येईल की नाही, सांगता येत नाही.

उद्या सकाळी आम्ही पोलीस स्टेशनला जातोय. आईने सांगितलं म्हणून तुला आधी कळवतोय. तेवढ्या वेळात तू टँकर धुऊन घेशील, माणसं पढवशील, कुणाकुणाला फोन करशील, हे कळतंय मला. तरी कळवतोय.

तू स्वतः येऊन सांगितलंस तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन. वकील बघेन, तारखांना येईन, लोक तोंडावर थुंकले तर ती थुंकी आपल्या दोघांच्या तोंडावर पडेल. तू आला नाहीस तर तुझं नाव मी सांगेन. समोरचा विचारेल, हे रोहिदास तुमचे कोण? त्याचंही उत्तर मी देईन.

तुझा सख्खा भाऊ,
जयदीप