उशीर नसलेला आवाज

३ मार्च
सिडनीहून गाडी चालवत पोचले. लाल माती, खुरटी झुडपं, गुलाबी पोपटांचे थवे आणि मधोमध आमची रेडिओ दुर्बीण, तबकडीचं तोंड आभाळाकडे करून. निवृत्तीनंतर पुन्हा काम मिळालं, तेही प्रमुख म्हणून. तक्रारीला जागा नाही. खोली स्वच्छ आहे. स्वयंपाकघर नोलाचं, तिचा भाऊ क्लॅरी कुंपणं आणि पंप बघतो. मी चहात दूध घातलेलं पाहून तो म्हणाला, अरेच्चा प्रोफेसर, तू पण आमच्यासारखीच की, मला वाटलं तुम्ही लोक नुसत्या उजेडावर जगता. नोलाने त्याला फडकं फेकून मारलं. तिचा खोबऱ्याचा केक उत्तम.

५ मार्च
काम सुरू. स्पंदक ताऱ्यांचे ठोके मोजतो आहोत. नियम साधा आहे. ताऱ्यांमधल्या विरळ इलेक्ट्रॉनांतून येताना जास्त कंपनांच्या लहरी आधी पोचतात, कमी कंपनांच्या रेंगाळतात. जितका उशीर, तितकं अंतर. उशीरच नसेल, तर आवाज आपल्या अंगणातला. म्हणजे पंप, मोटार, नाहीतर क्लॅरी. त्याचा वायरलेस जुनाट. बटण दाबलं की आमच्या पडद्यावर ठिणगी उमटते. आज मेंढी तारेत अडकल्याचं नोलाला कळवायला त्याने तो वापरला आणि माझं निरीक्षण वाया गेलं. सर्वांसमोर सुनावलं. नोलाकडचा जोडीचा वायरलेस संच बंद करून माझ्या कपाटात ठेवला. जीव जात असेल तरच बटण दाब, मला पडद्यावर दिसेल, मी माणसं पाठवीन, असं सांगितलं. तो म्हणाला, असं करतो प्रोफेसर, आधी मरतो, मग दाबतो. सगळे हसले. मी हसले नाही.

९ मार्च
दुपारी पडद्यावर ठिणग्या. तीन, थांबून तीन, पुन्हा तीन. उशीर शून्य. मला डिवचण्याचा त्याचा उद्योग दिसतो. संगणकातली गाळणी चालू केली. उशीर नसलेलं सगळं ती टाकून देते. निरीक्षण स्वच्छ झालं.
क्लॅरी जेवायला आला नाही.

१० मार्च
उत्तरेच्या कुंपणापाशी सापडला. चार चाकांची मोटारसायकल अंगावर उलटलेली, वायरलेस मुठीत. डॉक्टर म्हणाले, काल संध्याकाळपर्यंत जिवंत असावा.
नोलाने विचारलं, तुमची तबकडी आकाशगंगेपलीकडचं ऐकते, माझ्या भावाचं काहीच नाही का आलं?
नाही, म्हणाले.

१४ मार्च
त्याला पुरून आलो. दुपारी पडद्यावर तीन ठिणग्या, थांबून तीन. गाळणीतून पार झाल्या. उशीर प्रचंड; आकाशगंगेच्या बाहेरचा. वायरलेस पोलिसांकडे आहे. यंत्रं तपासली. दोष नाही.

१५ मार्च
तेच. उशीर कमी. आता आकाशगंगेच्या आत. तबकडी वळवली. तेच.

१७ मार्च
शेजारच्या ताऱ्यांइतकं जवळ. प्रकाशापेक्षा वेगाने काही येत नाही, हे मी जन्मभर शिकवलं —
नोलाने चहा आणून ठेवला. चेहरा किती उतरलाय गं तुझा, म्हणाली, जरा पड. सांगणार होते. तेवढ्यात तिने क्लॅरीचा कप विसळून पुन्हा खुंटीला लावला.
नाही सांगितलं.

१८ मार्च
जेमतेम मोजता येईल इतका उशीर. तीन, थांबून —

१९ मार्च
पडदा कोरा. एकही ठिणगी नाही. सुटले. पोटभर जेवले. आता नोलाला कशाला सांगायचं, असंही मनात —

मग आठवलं. गाळणी चालूच आहे. उशीर नसलेलं सगळं ती —
तो थांबलेला नाही. पोचलाय.

नोलाला बोलावलं. सगळं सांगितलं. ती रडली नाही. काढ ती गाळणी, म्हणाली, मला ऐकू दे.

काढली. तीन. थांबून तीन. उशीर शून्य —

नोला म्हणते, पडद्याकडे काय बघतेस, आवाज तुझ्या कपाटातून —