पाणी धरणारा प्लॉट

भिवपुरी, १४ एप्रिल २०२४

तीर्थरूप दादास, इंदूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

परवा फोनवर तू सगळ्याला हो हो म्हणालास, नि मग ठमीवहिनी म्हणाली, ह्यांना एक अक्षर ऐकू गेलं नाही. म्हणून हे पत्र. माझी समीक्षा दर शनिवारी मोहोपाड्याहून कंपनीतून सुटली की तुझ्याकडे डोकावते. आपलं टपाल म्हणजे तीच.

रस्त्यात गेलेल्या शेताचे पैसे जमा झाले म्हणे. दादा, तुम्हा दोघांच्या म्हातारपणाला आता तेवढंच आहे रे, पाठीमागे कमावतं कुणी नाही. समीक्षा म्हणते, मामाने आता जमिनीच्या नादी लागू नये. पैसे थोडे थोडे करून शेअरच्या फंडात टाकावेत, म्हणजे दवाखाना निघाला तर लागतील तेवढे काढता येतात. जमिनीचा कोपरा मोडून औषधं आणता येत नाहीत. आमचे हे म्हणतात, शेअर म्हणजे जुगार. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत! तू घाई मात्र करू नकोस.

वहिनीला नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
तुझी इंदू


खालापूर, २० एप्रिल

चि. सौ. इंदूस अनेक आशीर्वाद.

तुजी पोर हुशार हाय. मोबाईलात रेघ वर जाती, खाली येती, सगळं दावलं तिनं. मी इचारलं, यात उभं कुठं ऱ्हायचं? तर हसत सुटली. पर मला खरंच कळत नाय गं. ज्याच्या बांधावर बसून भाकर खाता येत नाय, ते आपलं कसं म्हणायचं? शेत गेल्यापासनं सकाळी पायांना कुठं जावं ते उमगत नाय. ठमी म्हणती, घरात फिरून फिरून लादी झिजवाल.

रूपेश म्हणून एक पोरगा कर्जतकडं प्लॉट इकतो. गाडी घेऊन दाराशी येतो, मला आबा म्हणतो. बघून येतो म्हटलंय.

आणि एक. बाबा गेल्यावर तू खालापूरच्या कचेरीत येऊन हक्कसोडावर सही केलीस, मी तुला एक लुगडं दिलं. त्याच शेताचं हे पैसे. मी इसरलो नाय.

जावईबापूंना नमस्कार. आठवण काढत जा.
तुजा दादा, सदू


भिवपुरी, १२ मे

तीर्थरूप दादास, शि. सा. नमस्कार.

घेतलासच ना प्लॉट! समीक्षाने सांगितलं तेव्हा मी कणीक मळत होते, तशीच मटकन बसले. आणि एवढ्या पैशात तीनच गुंठे? अरे, सगळी पुंजी त्या रूपेशच्या घशात घातलीस की काय? निदान विचारायचंस तरी. समीक्षा दोन दिवस गाल फुगवून आहे. मामाने बांध मागितला, मी काय फंडाला बांध घालून देऊ, म्हणते. मला हसूही आलं नि रडूही.

हक्कसोडाचं मनाला लावून घेऊ नकोस. आपल्याकडे सगळ्याच बहिणी सही करतात, नाहीतर माहेर तुटतं म्हणतात. माझं माहेर राहिलं, मला पुष्कळ झालं. मला काळजी तुमच्या पुढच्या दिवसांची.

रागावले असले तरी तुझीच,
इंदू


खालापूर, २० जुलै

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

शिव्या द्यायच्या तर हे पत्र वाचून झाल्यावर दे.

रूपेशनं मला आधी वरच्या अंगाचा प्लॉट दावला होता. मुरमाड, लाल, पाणी टिकायचं नाय असा. मी म्हटलं, हा काय कामाचा? मीच खालच्या कोपऱ्यात गेलो, ढेकूळ फोडून बघितलं. काळी, चिकट माती. चारी बाजूंचा उतार तिथंच येतो. म्हटलं, हाच दे, त्याच भावात दे. तो हो म्हणाला, लगेच! मला वाटलं, पोराला जमिनीतलं काय कळतंय.

काल जाऊन आलो. गुडघ्याएवढं पाणी. शेजारचा बंगलेवाला छत्री धरून म्हणाला, आबा, हितं घर बांधायचं तर आधी डोंगराएवढा भराव टाकावा लागंल, आणि इकायला काढाल तर कोण घेणार? इंदू, जन्मभर भात लावला गं. घराची जागा बघाय गेलो आणि भाताची घेऊन आलो.

मग आज गावातल्या नागूकडनं उरलेली भाताची रोपं मागून आणली. कुंपणाच्या सिमेंटच्या खांबांत ठमीनं आणि मी लावणी केली. बंगलेवाल्याची बायको फोटो काढत होती.

समीक्षाला सांग, मामाचं चुकलं.
सदू


भाऊबीज, ३ नोव्हेंबर

चि. सौ. इंदूस आशीर्वाद.

हे पत्र तुज्या ओवाळणीच्या पाकिटात हाय. समोर देतो म्हटलं असतं तर तू घेतलं नसतंस, म्हणून मी निघून गेल्यावर तुला मिळंल असं केलंय.

तू म्हणालीस, एवढ्या पैशात तीनच गुंठे? अगं, निम्म्याच पैशात घेतला. निम्मं बँकेत तसंच ठेवलं होतं. ते तुजं. हक्कसोडावर सही तू केली होतीस, मी नाय. पाण्यात गेलं ते माजं निम्मं गेलं. सोबत चेक हाय, तुज्या नावाचा.

बुडालेल्या प्लॉटाचं भात झालं, त्याचा तांदूळ पोत्यात हाय. गोड हाय.
दादा


भिवपुरी, ९ नोव्हेंबर

तीर्थरूप दादास, इंदूचा शि. सा. नमस्कार.

पाकिटात नेहमीसारखी पाचशेची नोट असेल म्हणून मी ते डब्यात टाकलं होतं. परवा उघडलं. तेव्हापासून दोनदा रडले आणि चारदा तुला शिव्या घातल्या. उन्हाळ्यापासून मी तुला बोल बोल बोलले, आणि तू गप्प बसून माझं राखत होतास.

समीक्षा म्हणते, परत पाठवू नकोस, मामाला वाईट वाटेल. ते पैसे ती फंडात टाकणार आहे. तिचे स्वतःचे गेल्या महिन्यात इतके खाली आलेत की दोन दिवस तिने मोबाईल उघडला नव्हता. मी म्हटलं, बाई गं, तुझा बाजारही पाणी धरतो म्हणायचा! पण ती म्हणते, काढायची घाई नसेल तर वर येतं, आणि तुम्हाला दवाखाना लागला तर आठवड्यात हाती येतात. तर टाकू. मात्र खात्यावर माझ्यासोबत तुझंही नाव राहील. बाजार बुडाला तर दोघांचा बुडेल.

आणि त्या तीन गुंठ्यांवर माझं नाव चढव. दानपत्र लागतं की काय ते समीक्षा विचारून येईल. तुझं पाण्यात नि माझं कोरड्यात, असं मला नको. पुढच्या लावणीला मी येणार आहे, वहिनीला सांग, बंगलेवालीने फोटो काढले तर काढू दे.

तुझा तांदूळ आज शिजवला. हे तीनदा वाढून घेऊन म्हणाले, सदूभाऊंनी जागा बरोबर निवडली.

ह्यावेळी कुठल्याच हक्कसोडावर सही करणार नाही, हे आत्ताच कळवून ठेवते.

तुझी वाटेकरी बहीण,
इंदू