देल्फिनाच्या टीव्हीचा मागून येणारा आवाज

२ जून, मंगळवार

सगळ्यांत आधी उगवली ती शेजारची नूबिया. हातात मक्याचे गरम बोयो, पण डोळे माझ्या ट्रंकेवर. कोमाद्रे, आता कायमच्याच का, म्हणून विचारते. जवळच्या शेजारणीला इकडं कोमाद्रेच म्हणतात. म्हटलं, कायमचीच! थोरली बहीण देल्फिना गेली, तिचे नऊ दिवस परवा पार पडले, आता घर माझं. मागं मॅग्डालेना नदी, ओसरीत झुलती खुर्ची, आणि टीव्ही तर असा की मला त्यात नटीच्या नाकातली लवसुद्धा दिसते. सुतकात टीव्ही लावत नाहीत, चादरीखाली झाकतात. झाकला की मी! पण टीव्हीखालच्या रेकॉर्डिंगच्या डब्याला सांगून ठेवलं होतं, माझी मालिका रोज भरून ठेव. नात फोनवर म्हणाली, आजी, तू भारी चलाख. आहेच मुळी.

दुपारी लावली. बाईचे ओठ मिटतात आणि मग तिचा आवाज येतो. हसून हसून पोट दुखलं.

३ जून, बुधवार

टीव्ही दुरुस्त करणारा एउस्तोर्खियो आला. आधी त्याचं पोट आत आलं, मग तो. चालू बातम्या लावल्या तर ओठ आणि आवाज बरोबर. भरून ठेवलेलं लावलं की आवाज मागं. तारा उपटून पुन्हा खोचल्या, डबा बंद करून चालू केला. तसंच. म्हणाला, मावशी, किती मागं पडतो ते रोज वहीत लिहा. मला मेलीला सेकंद कुठले कळायला? मी जपमाळेतली नमो मारिया म्हणत मोजते, पन्नास झाल्या की माळ पुरी. आज एक पुरी होत नाही.

मग विचारलं, डब्यापुढं काही ठेवलं होतं का? म्हटलं, देल्फिनासाठी टीव्हीपुढं मांडलेल्या वेदीवरचा पाण्याचा पेला होता, मेलेल्याला तहान लागते म्हणून नऊ दिवस ठेवतात तो. त्याच्या आडून रिमोट लागेना, सातव्या दिवशी दिला कुंडीत ओतून. बघायला आलेल्या नूबियानं छातीवर क्रूस केला. अहो, नवव्याच्या आधी ते पाणी कुणी हलवतं का! म्हटलं, देल्फिनाला कसली तहान? जन्मभर माणसांचं रक्तच प्याली ती.

५ जून, शुक्रवार

दहा नमो मारिया. एउस्तोर्खियोनं आवाज पुढंमागं करायची सगळी बटणं फिरवली. मग डबाच दुकानात नेला, तिथं म्हणे ओठाला आवाज जुळून चालला. इथं आणला की पुन्हा तेच. दोष डब्यात नाही, मावशी, म्हणाला. मग कशात, म्हटलं, तर पिशवी उचलून निघाला.

चित्र मुकं असतं त्या वेळात काहीतरी वाजतं. पेल्यावर चमचा. शेवटच्या आजारात मी तिचं करायला आले, तेव्हा देल्फिना अंथरुणातून मला अशीच बोलवायची.

७ जून, रविवार

वीस. लिहूनच टाकते. आईला माती द्यायला आले तेव्हा देल्फिनानं मला याच दारात उन्हात उभं ठेवलं. आतून कडी. आईचं तोंड दिसलं नाही. तीस वर्षं ते माझ्या घशात अडकलेलं. म्हणून ती गेली त्या दुपारी चमचा वाजवून पाणी मागत होती तेव्हा मी इथूनच ओरडले, जाहिरात लागली की आलेच. जाहिरात लागली. उठले नाही. भाग संपल्यावर गेले. अख्खी जपमाळ होईल एवढा वेळ. चमचा खाली पडला होता.

मला बरं वाटलं होतं. खोटं कशाला लिहू.

८ जून, सोमवार

टीव्ही बंद आहे. हातून झाकण पडलं — आवाज नाही. खुर्चीत येऊन बसले तेव्हा स्वयंपाकघरात खणकन् —

तीस.

९ जून, मंगळवार

नूबिया दारात. या ना, म्हटलं. ओठ हलले, एवढंच. ती म्हणाली, कशावर रुसलात, आणि गेली. मग रिकाम्या दारात माझाच आवाज, या ना कोमाद्रे, या ना —

चाळीस. घसा कोरडा.

१० जून

माठापाशी घसरले. कंबर — उठवत नाही. माठ वर, हात पोचत नाही. वही झग्याच्या खिशात होती.

दोघं दाराशी आलेत. हाका मारतेय मी, जीव तोडून. एउस्तोर्खियो म्हणतो, आतून कडी आहे. नूबिया म्हणते, असू दे, मालिका बघत बसली असेल, तिच्यात मध्ये आलेलं चालत नाही म्हातारीला. हसले. गेले.

मोजते आहे. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस.

पन्नास. अख्खी जपमाळ.

आता आली माझी हाक. ओसरीत, कुणी नसताना — पाणी, नूबिया, पाणी —

आणि आतल्या खोलीतून देल्फिना, खुशीत — जाहिरात लागली की आलेच.

जाताना दोघं ओरडून सांगून गेलेत, पुन्हा येतो. शनिवारी. तेरा तारखे —